कागदावर उलटं, तांब्यावर सुलटं

लग्न होऊन आली तेव्हा तिला इस्त्री उत्तम यायची, आणि सरांनी तिच्यातला तेवढाच गुण पाहिला.

सर तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे आणि घरी लोकांना सर्किटचे बोर्ड करून द्यायचे. पंपाचे टायमर, अ‍ॅम्प्लिफायर, अंडी उबवायची यंत्रं बनवणारे छोटे छोटे कारागीर त्यांच्याकडे यायचे. कुणाला दहा बोर्ड हवे असत, कुणाला पन्नास. एवढ्याशा कामाला मोठे कारखाने दारात उभं करत नाहीत. सरांची पद्धत घरगुती होती. कॉम्प्युटरवर सर्किटचा नकाशा काढायचा, लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर छापायचा, तो कागद तांब्याच्या पत्र्यावर उपडा ठेवायचा आणि वरून कडक इस्त्री फिरवायची. उष्णतेने कागदावरचा काळा टोनर तांब्याला चिकटतो. मग पाण्यात भिजवून कागद बोटांनी चोळून काढायचा आणि पत्रा फेरिक क्लोराइडच्या पाण्यात घालून ताट हलवत बसायचं. उघडं तांबं विरघळून जातं, टोनरखालचं राहतं. राहिलेल्या त्या वाटांमधून पुढे वीज धावते.

सगळी गोम छापण्यात असते. कागद उपडा पडणार, म्हणून त्यावर नकाशा आरशातल्यासारखा उलटा यायला हवा. सरांनी ओळखायला सोपी खूण ठेवली होती. प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात त्यांच्या नावाची दोन अक्षरं असत. कागदावर ती उलटी दिसली तर काम बरोबर. सुलटी दिसली तर कागद फाडायचा आणि पुन्हा छापायचं.

ही गोष्ट लग्नानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांतच तिला कळली होती. एकदा कागद हातात घेतल्यावर तिला अक्षरं सुलटी दिसली. ती म्हणाली, "अहो, हे सुलटं आलंय."

सर दुसऱ्या टेबलावर ड्रिल करत होते. त्यांनी मान वर केली नाही. "इस्त्रीने इस्त्रीचं काम करावं."

तिने केलं. बावीस बोर्ड गेले. गिऱ्हाईक आलं तेव्हा सरांनी तिला बाहेरच्या खोलीत बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोर सांगितलं की कागद हिने बदलले, हिला उलटंसुलटं कळत नाही. एवढ्यावर भागलं नाही. तंत्रशाळेतल्या पोरांना देतात तशी शिक्षा त्यांनी तिला दिली. शंभरपानी वही आणली आणि "कागदावर उलटं, तांब्यावर सुलटं" हे वाक्य पाचशे वेळा लिहायला लावलं. चुलीपुढची कामं आवरून ती दुपारी लिहीत बसायची. ती वही पुढे कित्येक वर्षं बाहेरच्या खोलीत टीपॉयवर होती. कुणी आलं की सर ती उघडून दाखवायचे. लोक हसायचे. काही जणांना हसू यायचं नाही, तेही हसायचे, कारण सरांशी काम असायचं.

तेव्हापासून तिचं नाव इस्त्रीवाली पडलं. "आमच्या इस्त्रीवालीला सांगतो," "इस्त्रीवाली चहा टाकते का बघू." मूलबाळ झालं नाही, त्यावरही सर चारचौघांत काहीतरी बोलत, पण ते ती मनावर घेईनाशी झाली होती. ते दुःख दोघांचं होतं. वहीचं मात्र तिचं एकटीचं.

अशी एकोणीस वर्षं गेली. सर निवृत्त झाले, घरचं काम वाढलं. आणि एका सकाळी दाढी करता करता त्यांना अर्धांगाचा झटका आला. तोंडाला अर्धा साबण तसाच, आणि ते न्हाणीघराच्या दारात आडवे.

जीव वाचला. उजवी बाजू गेली. वाचाही गेली, एक शब्द सोडून. तो शब्द होता "नको". भूक लागली तरी नको, पाणी हवं असलं तरी नको, उजेड डोळ्यांवर आला तरी नको. डाव्या हातात पेन्सिल दिली तर गुंतवळ काढायचे. डॉक्टरांनी तिला समजावलं की डोकं शाबूत आहे, त्यांना सगळं कळतं. शब्द बाहेर यायची वाट तेवढी बुजली आहे.

"सगळं कळतं?" तिने दोनदा विचारलं.

"सगळं," डॉक्टर म्हणाले.

घरी आणल्यावर तिने त्यांची खुर्ची कामाच्या खोलीतच ठेवली, खिडकीशी. त्यांना बरं वाटेल म्हणून, असं तिने सगळ्यांना सांगितलं, आणि तेव्हा तिच्या मनातही तसंच होतं. अर्धवट राहिलेली कामं पुरी करायची होती. जुने नकाशे कॉम्प्युटरमध्ये तयार होते, फक्त छापायचे होते. एकोणीस वर्षं ती त्या खोलीत उभी होती. माणूस नुसता उभा राहिला तरी बघतोच. दोन महिन्यांत ती छापायला शिकली, चार महिन्यांत जुन्या नकाशात फेरफार करायला, आणि वर्षाच्या आत नवा नकाशा काढायला. तिच्या वाटा सरांच्या वाटांपेक्षा नीट वळायच्या. हे तिचं तिलाच माहीत होतं, कारण सांगणार कुणाला?

छापायला लागली त्या पहिल्या आठवड्यातच एकदा तिची चूक झाली. कॉम्प्युटरवर उलटं छापायची खूण करायची राहून गेली आणि कागद सुलटा आला. तो घेऊन ती इस्त्रीकडे वळली, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. "नको. नको नको."

तिने कागद पाहिला आणि चूक तिच्या ध्यानात आली. "बरं झालं बोललात," असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि सरांकडे पाहिलं. त्यांचं अर्धं तोंड हसत होतं. दुसरं अर्धं लोंबत होतं, पण जे हसत होतं ते वहीवालंच हसू होतं. उरलेल्या अर्ध्या तोंडातही त्यांनी ते जपून ठेवलं होतं.

तिने त्यांच्याकडे बघत तो सुलटा कागद तसाच तांब्यावर ठेवला आणि इस्त्री फिरवली.

"नको," सर म्हणाले. हसू मावळलं होतं. तिने पत्रा पाण्यात टाकला, कागद चोळून काढला. "नको नको नको." डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटायला लागला. तिने पत्रा फेरिकमध्ये सोडला आणि ताट हलवत राहिली, पाळणा हलवावा तशी. बोर्ड तयार झाल्यावर तिने तो धुऊन पुसून सरांच्या मांडीवर ठेवला. कोपऱ्यात त्यांच्या नावाची दोन अक्षरं उलटी उमटली होती. सर तिकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं.

मग तो रिवाजच झाला. सकाळी सरांचं आन्हिक आवरून, खाणंपिणं करून ती त्यांना खुर्चीत बसवायची आणि एक बोर्ड मुद्दाम उलटा करायची. जुन्या पत्र्यांचे तुकडे घरात पुष्कळ पडले होते. कागद छापला की आधी त्यांच्या डोळ्यांसमोर धरायची, त्यांना नीट वाचता येईल असा. मग चेहऱ्यावर विचारात पडल्याचा भाव आणायची. "बरोबर आहे ना हो? मला मेलीला कळत नाही." सर नको नको करत घामाघूम व्हायचे. ती म्हणायची, "नको काय? चहा नको? उन्हाची तिरीप येतेय का?" आणि पडदा ओढायची. मग इस्त्री तापवायची.

खरी कामं ती दुपारी करायची. सर जेवणानंतर आतल्या खोलीत झोपायचे, तेव्हा दार लोटून घ्यायची. ते बोर्ड चोख व्हायचे. गिऱ्हाइकं बाहेरच्या खोलीतूनच यायची-जायची. त्यांना ती सांगायची की छापते मी, पण प्रत्येक कागद सर नजरेखालून घालतात, त्यांनी मान हलवल्याशिवाय मी इस्त्रीला हात लावत नाही. लोकांना ते ऐकून भरून यायचं. काय जिद्द आहे सरांची, म्हणायचे. काय बाई आहे, असंही म्हणायचे.

सरांना मात्र ती वेगळंच सांगायची. संध्याकाळी त्यांचे पाय चोळता चोळता बोलायची. "आज अ‍ॅम्प्लिफायरवाला येऊन गेला. बोर्ड आपटले त्याने टीपॉयवर. म्हणाला, सरांचं नाव बघून आलो होतो, आता नाव काय चाटायचंय?" कधी म्हणायची, "तंत्रशाळेत तुमचे बोर्ड दाखवून हसतात म्हणे. मला टायमरवाल्याने सांगितलं." सर नको म्हणायचे. ती पाय चोळत राहायची, अगदी मन लावून. अंगाला एक जखम होऊ दिली नाही तिने त्यांच्या, पाठीला फोड येऊ दिला नाही. कपडे रोज इस्त्रीचे. शेजारपाजारी तिचं उदाहरण देत.

आपण वाईट वागतो असं तिला वाटायचं का? सुरुवातीला वाटलं. एकदा तिने आठवडाभर हे बंदही केलं. पण त्या आठवड्यात एकदा चहा सांडला तेव्हा सरांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं, जीभ असती तर आता काय म्हणाले असते ते मला शब्दन् शब्द ऐकू येतंय. दुसऱ्या दिवशी तिने प्रिंटर चालू केला.

दोन वर्षं अशी गेली. मग सरांची धाकटी बहीण महिनाभरासाठी राहायला आली. बिचारी सरळ बाई. भावाला बघून रडली, आणि वहिनीचे हात हातात घेऊन आणखी रडली. सकाळी सरांचं नको नको सुरू झालं तेव्हा ती भावालाच रागावली. "अरे दादा, ती एवढी मरमर मरतेय आणि तू नन्नाचा पाढा लावलायस. जरा तरी कौतुक कर तिचं."

"असू दे हो वन्सं," ती म्हणाली. "त्यांना बोलता येत नाही. मनात कौतुकच असेल."

नणंद दिवसभर भावाजवळ बसायची, त्यामुळे दुपारी दार लोटून काम करायची सोय राहिली नाही. आणि नेमकं तेव्हाच मोठं काम आलं. अंडी उबवायची यंत्रं बनवणारा उबवणीवाला सरांचं जुनं गिऱ्हाईक. त्याला साठ बोर्ड हवे होते, हंगाम तोंडावर होता, आणि आठ दिवसांत द्यायचे होते. नकाशा सरांनीच पूर्वी काढलेला होता, चाळीस पायांच्या चिपचा. एका कागदावर चार बोर्ड बसायचे. तिने ठरवलं की सकाळचा तमाशा आठवडाभर बंद ठेवायचा आणि खरं काम सगळ्यांदेखत करायचं.

आदल्या दिवशी नणंदेला नातवाचा फोटो छापून हवा होता. फोटो मोठा होता, कागदाबाहेर जात होता. तिने प्रिंटरला सांगितलं, कागदात बसेल एवढा कर. छान आला फोटो. नणंदेने तो पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला.

सकाळी तिने साठ बोर्डांचे पंधरा कागद काढले. अक्षरं उलटी, म्हणजे बरोबर. तिने पहिला कागद सवयीने सरांसमोर धरला. सर तोंड उघडून तयारच होते. पण नको निघाला नाही. त्यांची नजर अक्षरांवर गेली, मग तिच्या तोंडाकडे आली, मग पुन्हा कागदावर, आणि तिथेच बराच वेळ राहिली.

ती कामाला लागली. पत्रा घासणीने घासून चकचकीत केला, स्पिरिटने पुसला, कागद ठेवला, इस्त्री फिरवली. कडांवर जास्त दाबायची, मधे कमी, कोपऱ्याला टोक. कुठे थांबली नाही, कुणाला विचारलं नाही. कागद बरोबर आहे ना हो, असं तिच्या तोंडून आलं नाही, कारण हात भरलेले होते आणि घाई होती. एकामागून एक पत्रे फेरिकमध्ये गेले. तीन दिवस ती राबली. नणंद ताट हलवायला मदत करायची. सर तीन दिवस खिडकीशी बसून सगळं बघत होते आणि एकदाही नको म्हणाले नाहीत. चहा दिला, प्यायले. उजेड आला, डोळे मिटले.

"वहिनी, दादा किती शांत झाला बघ," नणंद म्हणाली. "त्याला कळलं असेल, तू किती करतेस ते."

तिलाही ते जाणवलं होतं. तिला वाटलं, मोडले एकदाचे. दोन वर्षं लागली, पण मोडले. आणि याचा जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा काही तिला झाला नाही.

उबवणीवाला बोर्ड घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी पिशवी घेऊन परत आला. त्याने आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. त्याने टीपॉयवर एक बोर्ड ठेवला, खिशातून चाळीस पायांची चिप काढली आणि तिच्यासमोर भोकांवर ठेवून दाखवली. एका टोकाचे पाय भोकात बसत होते, दुसऱ्या टोकाचे भोकांच्या बाहेर पडत होते. फार नाही, दीडेक मिलिमीटर. साठही तसेच. सगळा नकाशा किंचित आखडला होता.

तिला फोटो आठवला. कागदात बसेल एवढा कर, असं सांगितलेलं प्रिंटरने लक्षात ठेवलं होतं, आणि पुढचे पंधरा कागदही तसेच जरासे लहान करून छापले होते. सर काम करत असते तर छापल्यावर आधी खरी चिप कागदावर ठेवून पाय जुळतात का बघितलं असतं, नेहमी बघायचे. तीही नव्या कामाला बघायची. हे जुनं काम होतं.

तिने पुन्हा करून देते म्हटलं. उबवणीवाला म्हणाला की हंगाम हातचा गेला, त्याने बाहेरगावच्या कारखान्याला सांगून टाकलंय, थोडे जास्त घ्यावे लागले पण इलाज नव्हता. यापुढे तिकडूनच घेईन. मग म्हणाला, "सरांना एकदा भेटून जातो. तेच बघून देतात म्हणालात, म्हणून विचारतो. त्यांच्या नजरेतून हे सुटलं कसं?"

ती नको म्हणायच्या आत तो आत गेला. त्याने सरांच्या डाव्या हातात बोर्ड दिला. सरांनी तो उजेडाकडे धरला, कोपऱ्यातल्या स्वतःच्या दोन अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि परत दिला. अर्धं तोंड थोडं वर गेलं. उबवणीवाल्याला वाटलं, रडताहेत. त्याने सरांचे पाय धरले, आणि बाहेर येऊन तिला म्हणाला, "त्यांना आता त्रास देऊ नका वहिनी. नजर गेली त्यांची."

नणंद औषधाच्या दुकानात गेली होती. घरात आता दोघंच होती. ती आत जाऊन सरांच्या समोर स्टुलावर बसली.

"तुम्हाला दिसलं होतं," ती म्हणाली.

सरांनी हनुवटी खाली नेली आणि वर आणली. एकदाच, सावकाश, म्हणजे चुकून हलली असं वाटू नये.

"पहिल्याच कागदाला?"

पुन्हा हनुवटी. मग त्यांनी डावं बोट टेबलावर पडलेल्या कोऱ्या कागदाच्या कडेवरून ओढलं, इकडच्या कडेवरून आणि तिकडच्या. चारी बोर्ड कागदावर कडेला भिडून यायचे. त्या दिवशी दोन्ही बाजूंना नखभर पांढरं राहिलं होतं. एवढंसं, पण त्यांनी ते टिपलं होतं. आणि नको हा एकच शब्द हाताशी असताना, जिथे तो कामाचा होता तिथे गिळला होता. एवढ्या सराईत हाताने काम करणारी बाई दोन वर्षं रोज सकाळी चुकत कशी होती, हे त्यांना त्या तीन दिवसांत कळलं होतं.

मग तिने त्यांच्या अंगावरची चादर नीट केली.

"आता माझंही ऐका," ती म्हणाली. "एकही बोर्ड परत आला नव्हता. दोन वर्षांत एकही नाही. अ‍ॅम्प्लिफायरवाला तीनदा येऊन गेला, तिन्ही वेळा तुमचं नाव घेऊन गेला. तंत्रशाळेतून पोरं बघायला यायची, त्यांना मी बाहेरच्या बाहेर लावायचे. सगळ्यांना सांगत होते, सर बघून देतात. प्रत्येक बोर्डावर तुमचीच अक्षरं छापत होते, माझी नाही. तुमचं नाव जिवंत होतं. परत आलेला हा पहिला बोर्ड. साठ जागी तुमचं नाव आहे त्याच्यावर, आणि तो आता ते गावभर दाखवत फिरेल."

"नको," सर म्हणाले.

"माझं काय गेलं? मी इस्त्रीवाली," ती म्हणाली आणि रात्रीच्या भाजीचं बघायला उठली.

त्यानंतर सर जेवेनात. घास तोंडात गेला की गालाशी धरून ठेवायचे, मग तो ओघळायचा. नणंद घाबरली. तिला वाटलं, कामाच्या खोलीतल्या वासाने आणि धकाधकीने होतंय. चार दिवस बघून ती म्हणाली, "वहिनी, तू पार पिचून गेलीस. दादाला मी घेऊन जाते. माझ्याकडे सून आहे, मुलगा आहे, उचलायला माणसं आहेत. थोडे महिने तुलाही…"

"न्या," ती म्हणाली. नणंदेचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.

गाडी आली. नणंदेच्या मुलाने सरांना उचललं. दारातून नेताना सरांनी डाव्या हाताने चौकट धरली. "नको," ते म्हणाले. "नको. नको." मुलगा थांबला. नणंद गोंधळून तिच्याकडे बघायला लागली. "वहिनी, त्याला यायचं नाहीये का गं?"

दोन वर्षांत तिला त्यांचे सगळे नको ओळखता यायला लागले होते. तहानेचा वेगळा, लघवीचा वेगळा, उकाड्याचा वेगळा. दिवसभर ती त्या एका शब्दातून सगळं वाचायची. त्यामुळे हा कसला होता हे तिला नीट कळलं. सर तिच्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत ना राग होता ना हसू.

"ते सगळ्यालाच नको म्हणतात, वन्सं," ती म्हणाली. पुढे होऊन तिने त्यांची बोटं चौकटीवरून सोडवली, करंगळीपासून एकेक करून. मग गाडीत बसवल्यावर हात त्यांच्या मांडीवर ठेवला आणि गाडीचं दार लावलं.

पुढचं तिने धरलं होतं तसं झालं नाही. घर मोकळं झालं, वेळ मोकळा झाला, हात तर पहिल्यापासून तयार होता. पण गिऱ्हाईक दारात यायचं आणि विचारायचं, सर कुठे आहेत? बहिणीकडे गेलेत म्हटलं की टायमरवाला म्हणाला, मग सर आले की येतो. अ‍ॅम्प्लिफायरवालाही तेच म्हणाला. तिने त्याला सांगून पाहिलं की दोन वर्षं सगळं मीच करत होते. तो समजूतदारपणे हसला. "हो, वहिनी. पण बघून सर देत होते ना?" हे वाक्य तिनेच त्याच्या तोंडात घातलं होतं, ते आता कसं काढणार? तिसऱ्या महिन्यात प्रिंटरवर धूळ साचली. चौथ्यात तिने फेरिकचा कॅन बाहेर ओसरीत नेऊन ठेवला.

महिन्यातून एकदा ती सरांना भेटायला जायची. नणंदेच्या घरी त्यांचं छान चाललं होतं. जेवायला लागले होते, गाल भरले होते. नणंद कौतुकाने सांगायची की इथे आल्यापासून दादा नको म्हणतच नाही. काही म्हणतच नाही म्हण ना. गप्प बसतो, दिलं ते खातो.

ती त्यांच्याजवळ स्टुलावर बसायची आणि कामाच्या गोष्टी सांगायची. "खूप काम आलंय," ती म्हणायची. "पुरं पडत नाही. उबवणीवालासुद्धा परत आला. आता कुणी तुमचं विचारतही नाही. कोपऱ्यात माझी अक्षरं छापते." सर खिडकीबाहेर बघत ऐकायचे. ऐकतात हे तिला त्यांच्या मानेवरून कळायचं.

पाचव्या भेटीत ती असंच सांगत होती. शंभर बोर्डांचं काम घेतलंय, सकाळपासून संध्याकाळपर्यंत हात फेरिकमध्ये असतात, असं ती म्हणाली. सरांनी मान वळवली आणि डावा हात पुढे करून तिचा हात धरला. लग्नानंतर त्यांनी तिचा हात असा कधी धरला नव्हता. नणंद दारात उभी होती, तिने पदर डोळ्यांना लावला आणि आत निघून गेली.

फेरिकचा डाग वाईट असतो. साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही. काम करणाऱ्याच्या नखांच्या कडा कायम तपकिरी राहतात, आणि काम सुटल्यावर नख वाढून कापलं जाईपर्यंत, महिना दोन महिने, तो डाग टिकतो.

सरांनी तिचा हात उजेडात धरला. उताणा केला, पालथा केला. पाचही बोटांची नखं एकेक करून पाहिली. मग अंगठ्याने त्यांनी तिच्या अंगठ्याची कड खरवडून पाहिली, बारकाईने, कामाचा माणूस बघतो तशी. नखं पांढरी स्वच्छ होती.

त्यांनी हात सोडून दिला आणि पुन्हा खिडकीकडे बघायला लागले. शंभर बोर्डांची गोष्ट अर्धी राहिली होती, ती तिने पुरी केली नाही. मग तिची परतीची बस होती म्हणून ती उठली.